पाळणा लांबवण्याचा निर्णय बाळंतपणाआधी घ्या : ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांसाठी

आमची थोरली मुलगी दहा महिन्यांची असताना, कारखान्याच्या तळावरच्या कोपीत (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत), माझ्या पत्नीला पुन्हा दिवस गेल्याचे आमच्या लक्षात आले. बाळंतपणानंतर तिची पाळी सुरूच झालेली नव्हती, मूल अंगावर पीत होते आणि ‘अंगावर पीत आहे तोवर काही होत नाही’ हे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आम्ही खरे मानले होते. उचल, म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे, घेतलेली असल्यामुळे हंगाम अर्धवट सोडता येत नव्हता. उरलेले दोन महिने तिने पोटात मूल आणि डोक्यावर मोळी घेऊन काढले.

त्याआधीची एक गोष्ट मला अधिक सलते. थोरलीच्या वेळी कळा चालू असताना प्रसूतीच्या खोलीत तिला ‘तांबी (पाळणा लांबवण्यासाठी गर्भपिशवीत बसवतात ती कॉपर-टी) बसवायची का’ असे विचारण्यात आले. तिने ‘मालकांना विचारा’ असे सांगितले. मी दाराबाहेरच उभा होतो, पण मला विचारायला कोणी आले नाही. घरी परतल्यावर माता व बाल संरक्षण कार्ड उघडून पाहिले, तर तांबीच्या रकान्यात ‘नकार’ असे लिहिलेले होते. नकार आम्हां दोघांपैकी कोणीच दिला नव्हता. आम्ही तोपर्यंत काही ठरवलेलेच नव्हते, एवढेच खरे होते.

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही सगळे आधी ठरवले आणि ते पार पडले. बीड जिल्ह्यातून दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या जोडप्यांना, आणि ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर आहे अशा कोणत्याही होऊ घातलेल्या आईवडिलांना, उपयोगी पडावे म्हणून तो क्रम इथे लिहीत आहे.

१. सातव्या महिन्यात, माहेरी पाठवण्यापूर्वी बोलून घ्या

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. पत्नी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, नवरा गावी किंवा कामावर राहतो, आणि गर्भनिरोधनाचा विषय दोन गावांच्या मध्येच राहून जातो. सासरच्या आशाताईंना वाटते की माहेरच्या आशाताई सांगतील, आणि माहेरच्या आशाताईंना वाटते की सगळे सासरी ठरले असेल. म्हणून ओटीभरणानंतर तिला पोहोचवायला निघण्याच्या आधी एक संध्याकाळ दोघांनी यासाठी ठेवावी.

आधी पत्नीने बोलावे आणि नवऱ्याने ऐकावे. आणखी मूल हवे का, हवे असल्यास किती वर्षांनी, मूल सहा महिन्यांचे होईल तेव्हा आपण घरी असू की तळावर, रोजची गोळी तिच्या लक्षात राहील का, आणि पुरुषाने वापरायचे साधन नवरा खरोखर वापरणार का, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यापर्यंत किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे दोन मुलांच्या जन्मांत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर पडते. ऊसतोडीच्या भाषेत सांगायचे तर हे दोन पूर्ण हंगाम होतात.

सासूबाईंना किंवा आईला काय सांगायचे हेही दोघांनी मिळून ठरवावे. माझ्या आईशी मी स्वतः बोललो. सुनेने बोलण्यापेक्षा मुलाने बोललेले घरात सहज पचते, हे आपल्याला आवडो वा न आवडो, तसे आहे खरे.

२. उपकेंद्रात दोघांनी मिळून जा

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची खास तपासणी असते आणि त्या दिवशी डॉक्टर भेटण्याची शक्यता अधिक असते. नवऱ्याने त्या दिवसाची मजुरी सोडून सोबत जावे. मला पहिल्यांदा ‘पुरुषांनी बाहेर थांबा’ असेच सांगण्यात आले. बाकी बायकांच्या तपासण्या चालू असतात, त्यामुळे त्यात गैर काही नाही. अशा वेळी वाद न घालता, ‘तपासणी झाल्यावर आम्हां दोघांना कुटुंबनियोजनाबद्दल विचारायचे आहे, दहा मिनिटे द्या’ असे सांगावे. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांनी गर्दी ओसरल्यावर दोघांना बसवले आणि टेबलाच्या खणातून एक तांबी काढून माझ्या पत्नीच्या तळहातावर ठेवली. इंग्रजी टी अक्षरासारखा, करंगळीच्या दोन पेरांएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्यावर तांब्याची बारीक तार आणि खाली दोन दोरे. ‘एवढीशीच?’ असे ती म्हणाली. ती पोटात फिरते, काळजापर्यंत जाते, असे तिने आजवर ऐकले होते. वस्तू हातात घेऊन पाहिल्यावर तिची निम्मी भीती गेली. तुम्हीही प्रत्येक साधन दाखवायला सांगा.

इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. ‘दोघांनी मिळून’ याचा अर्थ नवऱ्याने ठरवावे आणि बायकोने मान हलवावी असा होत नाही. सिस्टरांना पत्नीशी काही वेळ एकटीशी बोलायचे असेल तर नवऱ्याने आपण होऊन बाहेर जावे. कोणतेही साधन घेण्यासाठी, अगदी शस्त्रक्रियेसाठीही, पतीची किंवा पत्नीची संमती कायद्याने लागत नाही. ज्याच्या शरीरावर उपाय करायचा, त्याचीच सही लागते. म्हणून कोणी ‘मालकांची सही आणा’ म्हणून परत पाठवत असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे.

जे ठरेल ते माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. माहेरच्या दवाखान्यात तुमच्या वतीने बोलणारे तेवढेच असते. पुढे मन बदलले तर ते खोडून दुसरे लिहिता येते.

३. कोणते साधन कधी चालते ते समजून घ्या

सर्वांत मोठी चूक आमच्या हातून झाली तीच असते. बाळंतपणानंतरचे पहिले बीज पाळी येण्याच्या आधी तयार होते, त्यामुळे एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. अंगावर पाजण्याने संरक्षण मिळते हे खरे, पण त्याला तीन अटी आहेत : बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, आईची पाळी सुरू झालेली नसावी, आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचे दूध असावे, पाणी, घुटी किंवा वरचे दूध अजिबात नसावे. दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये. तिन्ही अटी पाळल्या, तर शंभरांतील अठ्ठ्याण्णव स्त्रियांना दिवस राहत नाहीत. यांतील एक जरी अट मोडली, तरी त्याच दिवसापासून दुसरे साधन लागते. जी आई पहाटे चारला फडावर, म्हणजे उसाच्या शेतात तोडणीला, जाते आणि बाळाला कोपीत मोठ्या मुलीजवळ ठेवते, तिच्या बाबतीत ही अट पहिल्याच दिवशी मोडते.

तांबी प्रसूतीनंतर वार (बाळामागून पडणारी नाळ) पडल्यावर दहा मिनिटांत, किंवा ४८ तासांच्या आत, किंवा सिझेरियनच्या वेळीच बसवता येते. ही वेळ टळली तर सहा आठवडे थांबावे लागते. सरकारी दवाखान्यांत ती पाच वर्षांची आणि दहा वर्षांची अशा दोन प्रकारांत मोफत मिळते. मूल हवेसे वाटले की काढून घेता येते आणि दूध कमी होत नाही. पाळीत पहिले काही महिने रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते. प्रसूतीनंतर लगेच बसवलेली तांबी आपोआप बाहेर पडण्याची शक्यता नंतर बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांनी तपासून घेणे आवश्यक आहे. पाणमोट फुटून १८ तासांपेक्षा जास्त वेळ गेला असेल, अंगात ताप असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर त्या वेळी तांबी बसवत नाहीत. त्यासाठी दुसरा पर्याय आधीच ठरलेला असावा.

‘अंतरा’ हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन आहे आणि २०१७ पासून ते सरकारी दवाखान्यांत मिळते. अंगावर पाजणाऱ्या आईने ते सहा आठवड्यांनंतर घ्यावे. इंजेक्शन दिलेल्या जागी चोळू नये आणि शेकू नये. पाळी अनियमित होते, थेंब थेंब जाते आणि पुढे बहुधा बंदच होते. हे रक्त आत साठून राहत नाही, तर ते तयारच होत नाही, आणि इंजेक्शन थांबवल्यावर पाळी पुन्हा येते. मात्र शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. म्हणून वर्षभरातच मूल हवे असणाऱ्यांनी हा पर्याय निवडू नये.

‘छाया’ ही हार्मोन नसलेली गोळी लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. अंगावर पाजतानाही ती चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची असते. वार ठरलेले असतात, उदाहरणार्थ रविवार आणि बुधवार, आणि तीन महिन्यांनंतर फक्त रविवार. पाळी लांबू शकते. काविळीचा किंवा बीजकोशावरील गाठींचा त्रास असेल तर सिस्टरांना आधी सांगावे.

रोज घ्यायची ‘माला-एन’ गोळी अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नये. ओळखीच्या बाईकडची पाकिटे मागून ओल्या बाळंतिणीने ही गोळी सुरू केलेली मी पाहिली आहे. तसे करू नका.

निरोध सर्वांना, केव्हाही चालतो, आणि गुप्तरोगांपासून तसेच एचआयव्हीपासून वाचवणारे यांतील ते एकमेव साधन आहे. दुसरे साधन निवडले असले, तरी एक पाकीट घरात असू द्यावे. निरोध फाटला किंवा गोळी चुकली, तर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी आशाताईंकडे मिळते. ती जितकी लवकर घ्यावी तितका तिचा उपयोग जास्त होतो. मात्र दर वेळचे साधन म्हणून ती वापरू नये.

४. हंगामाचा हिशेब मांडा

हे पाऊल कुठल्याही पत्रकात नसते, आणि आपली फसगत नेमकी इथे होते. दिवाळीच्या मागेपुढे निघायचे आणि मार्च-एप्रिलमध्ये परतायचे, म्हणजे सहा महिने आपल्या आशाताई, आपल्या सिस्टर आणि आपले उपकेंद्र आपल्यापाशी नसतात. तळ एका कारखान्याचा असला, तरी टोळी आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात असते, आणि एक दिवस कामावर आले नाही तर खाडा धरून पैसे कापले जातात. त्यामुळे साधन निवडताना ‘सर्वांत चांगले कोणते’ यापेक्षा ‘तळावर निभेल कोणते’ असे विचारावे.

अंतरा घेत असाल तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तारखा मांडा. २५ ऑक्टोबरला इंजेक्शन घेतले, तर पुढचे २५ जानेवारीला येते. ते दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिराही देता येते, म्हणजे साधारण ११ जानेवारी ते २२ फेब्रुवारी एवढी मुदत तुमच्या हाती असते. अंतराचे कार्ड सोबत न्या आणि तळाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. केंद्र कुठे आहे आणि कोणत्या वारी इंजेक्शन मिळते, याची चौकशी तळ पडल्याच्या पहिल्या आठवड्यातच करून ठेवा, कारण फड सुरू झाल्यावर सवड होत नाही. मुदत टळून गेली, तर गरोदर नसल्याची खात्री होईपर्यंत निरोध वापरावा लागतो.

छाया निवडली असेल तर गोळ्या मोजून घ्या. एका पाकिटात आठ गोळ्या असतात. सहा महिन्यांत पहिल्या तीन महिन्यांना २६ आणि नंतरच्या तीन महिन्यांना १३, अशा ३९ गोळ्या लागतात, म्हणजे निघताना पाच पाकिटे हवीत. कोपीत पाणी गळते, म्हणून ती झाकणाच्या डब्यात ठेवावीत. एखादी गोळी चुकली तर आठवण होताच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आमच्यापुरते आम्ही तांबीच निवडली, कारण ती एकदा बसल्यावर तारीख, पाकीट किंवा मुकादमाची परवानगी यांपैकी कशाचीही आठवण ठेवावी लागत नाही. मोळ्या वाहिल्याने ती पडेल अशी भीती आम्हांला होती. कष्टाच्या कामाने तांबी पडत नाही, हे सिस्टरांनी समजावून सांगितले. मात्र बाळंतिणीने सहा आठवड्यांच्या आत फडावर जाऊ नये हे आम्ही स्वतंत्रपणे ठरवले. त्या वर्षी आम्ही टोळीच्या मागून निघालो आणि तेवढे पैसे कमी मिळाले. त्याची मला खंत नाही.

५. कागदपत्रे एका पिशवीत ठेवा

माता व बाल संरक्षण कार्ड, दोघांची आधारकार्डे, शिधापत्रिका, पत्नीच्या स्वतःच्या नावाचे बँक पासबुक आणि लागू असल्यास जातीचा दाखला एवढे पुरते. तांबी आणि शस्त्रक्रिया यांसाठी जी मोबदल्याची रक्कम मिळते ती बँक खात्यात येते. खात्याला आधार जोडलेले नसेल, तर पैसे महिनोन्‌महिने अडकतात, म्हणून सातव्या महिन्यातच बँकेत जाऊन या. दाखले मूळ देऊ नका, छायाप्रती द्या.

६. प्रसूतीच्या दिवशी कार्ड दाखवा आणि स्पष्ट सांगा

दवाखान्यात दाखल होतानाच, कळा वाढण्याआधी, कार्डावरचा तो रकाना दाखवून ‘आमचे हे ठरलेले आहे’ असे पत्नीने आणि सोबत असलेल्या माणसाने सांगावे. नवरा पोहोचू शकणार नसेल, तर सोबतच्या बाईला हे नीट समजावून ठेवावे. कळा चालू असताना नव्याने विचारले जाणारे कोणतेही साधन स्वीकारण्याची घाई करू नका आणि कोणी दडपण आणले तर ‘नंतर सांगतो’ म्हणण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. घरी सोडताना तांबी बसवली की नाही, कोणती बसवली आणि कोणत्या तारखेला, हे कार्डावर लिहिले आहे ना, ते वाचून मगच निघा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या.

आशाताई बाळंतिणीला भेटायला ४२ व्या दिवसापर्यंत येत राहतात. सहा आठवड्यांची तपासणी त्यांच्याशी जोडून घेतली, तर वेगळी खेप पडत नाही. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, असह्य पोटदुखी किंवा न थांबणारा रक्तस्राव यांपैकी काही झाले, तर मात्र तारखेची वाट पाहू नये.

७. कुटुंब पूर्ण झाले असेल, तर आधी पुरुषाने विचार करावा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली आणि पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. जी बाई नऊ महिने पोट वाहते, बाळंत होते आणि पुन्हा फडात उतरते, तिच्याच पोटावर आणखी एक छेद का घ्यायचा, हा प्रश्न प्रत्येक नवऱ्याने स्वतःला विचारावा, असे मला मनापासून वाटते.

धाकटा तीन वर्षांचा झाल्यावर मी बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. जागा बधिर करून पंधरा मिनिटांत ती झाली आणि त्याच दिवशी मी घरी आलो. दोन दिवस विश्रांती आणि आठवडाभर जड ओझे उचलायचे नाही, एवढेच पथ्य होते. माझी ताकद कमी झाली नाही, कोयता तसाच चालतो आणि नवराबायकोच्या संबंधांतही काही फरक पडला नाही. मोठा सापळा पुढे आहे : नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरावाच लागतो, आणि त्यानंतर वीर्य तपासून ‘शुक्रजंतू नाहीत’ असा अहवाल आल्यावरच ती यशस्वी झाली असे मानतात. तपासणीला न गेलेल्या पुरुषाच्या बायकोला दिवस राहतात आणि संशय मात्र तिच्यावर येतो. हंगाम संपताच शस्त्रक्रिया केली, तर पावसाळ्यात ही तपासणी गावीच होते.

स्त्रीची शस्त्रक्रिया प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर होते. दोन्ही शस्त्रक्रियांसाठी एक तरी मूल एक वर्षाहून मोठे असावे लागते, तसेच स्त्रीचे वय २२ ते ४९ आणि पुरुषाचे २२ ते ६० असावे लागते. दोन्ही उपाय कायमचे समजूनच करावेत. शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र मागून घ्या आणि जपून ठेवा.

गर्भपिशवी काढून टाकणे हा गर्भनिरोधनाचा उपाय नव्हे, हेही इथेच सांगतो. पांढरे पाणी जाते, पाळीत खाडे होतात, ‘पिशवी काढली की कटकट गेली’ असे सांगून आपल्या भागात तरुण बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला त्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. असा सल्ला मिळाला, तर सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

८. पाळी चुकली तर

साधन कोणतेही असो, शंका आली की उपकेंद्रात लघवीची तपासणी करून घ्या. ती मोफत होते. दिवस राहिलेच आणि मूल नको असेल, तर साधन निकामी ठरल्याच्या कारणावरून २० आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे आणि सज्ञान स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. तळावर कोणी आणून दिलेल्या गोळ्या परस्पर घेऊ नका, कारण अर्धवट गर्भपात होऊन रक्त वाहू लागले तर त्या शिवारातून रात्री रुग्णालय गाठणे फार कठीण असते.

शस्त्रक्रियेनंतर पाळी चुकली, तर दोन आठवड्यांच्या आत जिथे शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयाशी संपर्क साधा. शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्यास सरकारकडून नुकसानभरपाई मिळते आणि तिचा दावा अपयश लक्षात आल्यापासून ९० दिवसांत करावा लागतो. त्या दाव्यासोबत शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून हंगामाला निघताना त्याची एक प्रत घरी आईजवळ आणि एक पत्नीच्या पिशवीत ठेवावी.